जमिनीखालचा विस्तव

थोरलीनं लव्हाळ्याच्या बुडाशी विळा घातला आणि तो खर्रकन मातीला घासला. दरसाल ह्या दिवसांत इथं कमरेएवढं पाणी असायचं. विळा पाण्याखाली चालवायचा, कापलेला लव्हाळा आपोआप तरंगायचा, मोळी ओढत ओढत काठाला आणायची. डोक्यावर ओझं घ्यायची वेळच यायची नाही. आता घोटाही भिजत नव्हता. लव्हाळा होता, पण आजारातून उठलेल्या माणसाच्या केसांसारखा. विरळ, आखूड, आणि ओढलं की मुळासकट हातात येणारा.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "हे कापायचं का उपटायचं?"

थोरला तिच्या पलीकडं वाकून कापत होता. बोलायला तो मुलखाचा सावकाश. सकाळी विचारलेल्याचं उत्तर जेवताना मिळालं तरी घरात नवल वाटायचं नाही. त्यानं पेंढी बांधली, पाठ सरळ केली, समोर बघितलं. पाणथळीच्या मधोमध, जिथं होडीशिवाय कुणी गेलं नव्हतं, तिथं त्याच्या धाकट्या भावाच्या म्हशी खुशाल चरत होत्या.

"कापायचं," तो म्हणाला. "मूळ राहू दे."

पाऊस झाला नव्हता असं नाही. झाला होता, पण थोडक्या दिवसांत सगळं आभाळ ओतून मोकळा झाला. पाणी धावत आलं तसं धावत गेलं, पाणथळीला ते पोटात घ्यायलाही सवड मिळाली नाही. त्यामागून ऊन लागलं ते हटेचना. राहिलेल्या पाण्यात हात घातला तर कोमट लागायचं. लांबून येणारे पक्षी आले, वरच्या वर दोन घिरट्या घातल्या आणि भलत्याच दारात आल्यासारखे निघून गेले.

दोघा भावांचं घर एकच, मधे एक भिंत. वाटणीत थोरल्याकडं चटयांचं काम आलं, धाकट्याकडं म्हशी. पाणथळ वाटायचा प्रश्नच नव्हता, ती सगळ्या वस्तीची. भिंत घातली तेव्हा विटा कमी पडल्या म्हणून ती छपराला टेकलीच नाही, आणि त्या फटीतून दोघी जावांचा संसार एकच राहिला. भांडणंही भिंतीवरूनच व्हायची. तोंड बघावं लागत नसल्यामुळं मनसोक्त भांडता यायचं.

"जाऊबाई, मीठ आहे का?"

"परवा नेलेलं परत केलंस?"

"ते पातेल्यात गेलं."

"मग ये घेऊन जा. आणि येताना दूध आण. रिकाम्या हातानं मीठ मागू नये माणसानं."

चटया घेणारा व्यापारी त्या खेपेला आला, त्यानं वरची चटई उलगडली, उभी धरली, आडवी धरली. हसला. "वहिनी, ही चटई आहे का पायपुसणं?" थोरलीही हसली. लव्हाळाच तेवढा वाढला तर चटई कुठून वाढणार, हे त्याला सांगून काय उपयोग? तो सगळा गठ्ठा तसाच ठेवून गेला. मग ती भांडी घासायला बसली.

भिंतीवरून आवाज आला, "जाऊबाई, पातेल्याचा काय दोष?"

"तुझं काम कर."

"करतेच आहे. पण आमच्या भिंतीचा रंग निघायला लागला."

थोरलीला हसू आलं, पण तिनं ते पलीकडं ऐकू जाऊ दिलं नाही.

*

उपाय थोरल्यानं काढला. पाणथळीच्या वरच्या अंगाला एक डोह होता, तिथं अजून मांडीभर पाणी होतं आणि भोवती लव्हाळा हिरवा होता. पण ते पाणी रोज थोडं थोडं खालच्या वाळल्या मातीत झिरपत होतं. एके दिवशी भाताचा शेवटचा घास तोंडात घालून तो म्हणाला, "डोहाला बांध घालू."

चौघंही कामाला लागली. थोरला आणि धाकटा चिखल खणायचे, बायका घमेली वाहायच्या. ऊन डोक्यात शिरण्याआधी सुरू करायचं आणि सावलीला पळेपर्यंत रेटायचं. हातांना फोड आले, ते फुटले, त्यांच्यावर पुन्हा फोड आले. धाकटीला मुळातच धाप. ती चार खेपा करायची, पाचव्या खेपेला रिकाम्या घमेल्यावर बसून सगळ्यांना सूचना द्यायची.

"दादा, तिकडं माती कमी पडली. जाऊबाई, तुम्ही सांडताय किती!"

"ह्या मुकादमीणबाईंना कुणी बोलावलं?" थोरली म्हणाली आणि तिच्याकडं बघता बघता कडेवरून घसरली. चिखलानं तिला मांडीपर्यंत घेतलं. एक पाय काढावा तर दुसरा आणखी आत जाई. नवरा धावला, पण तोही रुतायला लागला. शेवटी धाकट्यानं म्हशीचा दोर आणला, तिच्या काखेतून घातला आणि ओढायला लागला.

"वहिनी, म्हैस असतीस तर बरं झालं असतं. शेपटी तरी असती धरायला."

"भाऊजी, बाहेर आले ना, की बघते तुम्हाला."

"मग राहू दे का आतच?"

ती बाहेर आली ती कमरेपासून खाली काळी होऊन. एक चप्पल चिखलानं ठेवून घेतली. चार माणसांसमोर, वस्तीतल्या बायका वाटेवर उभ्या असताना, दोरानं ओढली गेली म्हणून तिचे कान तापले होते. धाकटीनं पुढं होऊन पदर ओला केला आणि जावेचं तोंड पुसलं. मग मात्र धाकटीला राहवेना. ती हसायला लागली, हसता हसता तिला धाप लागली, आणि तिची पाठ चोळायला शेवटी थोरलीच बसली.

बांध उभा राहिला. पाणी टिकलं. थोरला रोज संध्याकाळी डोहाकडं जायला लागला, सासरी दिलेल्या लेकीला भेटायला जावं तसा. काही करायचा नाही. काठावर उभा राहायचा, लव्हाळ्याचं एखादं पान बोटांतून ओढून बघायचा, आणि घरी यायचा.

*

चारा संपत आला तेव्हा धाकटा थोरलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"वहिनी, खालच्या अंगाचं वाळलेलं जाळतो. राख पडली की कोवळं फुटेल. म्हशींना तोंड लावायला काहीतरी होईल."

"दरसाल जाळता, मला काय विचारता? जाळा."

दरसाल जाळायचेच. वरचं गवत भुरकन पेटायचं, खालच्या ओलीला टेकलं की विझायचं. ह्या खेपेलाही दुपारपर्यंत जाळ संपला. धाकटा कडेकडेनं हिरव्या डहाळ्यांनी झोडपत फिरला आणि काळाठिक्कर होऊन घरी आला. "हा कोण परका माणूस आत आला?" म्हणून त्याच्या बायकोनं त्याला दारातच अंघोळ घातली.

काही दिवसांनी जळून गेलेल्या जागेतून धूर निघताना दिसला. तिथं जळायला काडीही उरली नव्हती. धाकटा बघायला गेला, मागोमाग कपाळावर पांढरा ठिपका असलेली त्याची म्हैस गेली, आणि तिचा पुढचा पाय जमिनीत फसकन आत गेला. ती अशी हंबरली की वस्तीतली माणसं बाहेर आली. पाय ओढून काढला तर नडगीची कातडी सोलवटली होती. त्या भोकात, वितीभर खाली, लाल विस्तव होता.

पाणथळीची माती म्हणजे किती पिढ्यांची पानं आणि मुळं कुजून झालेली काळी माती. ओली होती तोवर माती होती. आता वाळली होती, आणि वाळल्यावर ते सरपणच होतं. धाकट्यानं बादली ओतली. चुर्र झालं, वाफ आली, आणि हातभर पलीकडून धूर निघाला. तिथं ओतली, तर मागून निघाला. म्हाताऱ्या माणसांना विचारावं, तर त्यांनीही असं कधी बघितलं नव्हतं. जमीन चालताना पायाला गरम लागायची, आणि वर बघावं तर काही नाही.

धूर उंच जात नव्हता. पिवळट, ओलं गोणपाट जाळल्यासारख्या वासाचा, तो जमिनीला धरून सरपटत यायचा आणि घरात बसायचा. भिंतीवरून आता बोलणं कमी आणि खोकला जास्त यायला लागला.

"अगं, वाफ घेतलीस का?"

"घेतली."

"खोटं बोलू नकोस. चुलीवर पाण्याचा आवाज नाही आला."

"तुमचे कान... जाऊबाई... नको तिथं..." आणि पुढं खोकला.

आग विझवणारी गाडी आली. टाकीतलं सगळं पाणी तिनं जमिनीवर ओतलं. दुसऱ्या दिवशी त्या चिखलातूनच धूर निघाला. गाडीवरचा माणूस भला होता, त्यानं उगाच धीर दिला नाही. "वरून ओतून भागत नाही," तो म्हणाला. "आतपर्यंत मुरेल इतकं पाणी हवं. ते आमच्या टाकीत नाही." सगळी वस्ती तिथं उभी होती. कुणीही डोहाकडं बघितलं नाही. इतकं कटाक्षानं बघितलं नाही, की थोरलीला सगळे तिकडंच बघतायत असं वाटलं.

धाकट्यानं डोहाच्या खालपासून, आग आणि घरं यांच्यामध्ये चर खणायला घेतला. एकट्यानं. तोंडाला ओलं फडकं बांधून पहाटेपासून खणायचा. थट्टा बंद झाली, भावाच्या ओट्यावर टेकणं बंद झालं. थोरली पाणी घेऊन गेली.

"भाऊजी, पाणी."

"ठेव तिथं."

"इकडं बघा जरा."

"कशाला?"

"जाळा असं मीही म्हटलं होतं."

"तू म्हटलंस. काडी मी लावली." तो फावडं मारत राहिला. त्याचे डोळे लाल होते, ते धुरानं की कशानं, हे तिनं विचारलं नाही. त्यानं पाणी प्यायलं नाही तोवर ती तिथून हललीही नाही.

*

वाटेवरचं मोठं झाड एका दुपारी पडलं. वारा नव्हता, काही नव्हतं. मुळं खालून जळून गेली होती, ते सावकाश कलंडलं आणि आडवं झालं. थोरली बघायला निघाली, आणि दारात थबकली. भिंतीपलीकडं खोकला थांबला होता.

"अगं ए!"



ती धावत वळसा घालून गेली. धाकटी उंबऱ्यात बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, मान पुढं काढून. ओठ निळसर झाले होते. श्वास आत ओढताना शिट्टीसारखा आवाज येत होता आणि बोलायला म्हणून वारा उरला नव्हता. थोरलीनं तिला छातीशी धरलं आणि भाऊजींच्या नावानं अशी हाक मारली की चराच्या पार टोकाला ती ऐकू गेली.

दवाखान्यात नाकातोंडाला नळी लावून औषधाची वाफ दिली. डॉक्टरीणबाई म्हणाली, धूर थांबेपर्यंत हिला इथून दुसरीकडं न्या. परत येताना गाडीत धाकटी थोरलीच्या खांद्यावर मान टाकून होती. आवाज परत आल्याबरोबर तिनं पहिली गोष्ट सांगितली ती ही, की ती कुठंही जाणार नाही. जखमी म्हशीच्या पायाला औषध कोण लावणार?

संध्याकाळी जेवताना थोरली नवऱ्याला म्हणाली, "बांध फोडू."

तो जेवत राहिला.

भिंतीवरून आवाज आला, "माझ्यासाठी फोडायचा नाही हं, सांगून ठेवते!"

"तू गप पड. तुझ्यासाठी कोण फोडतंय? धुरानं माझ्या चटया काळ्या पडायला लागल्या."

"चटया तर गाठोड्यात बांधून ठेवल्यात!"

"धाकटे, उठून आले ना तिकडं, तर बघ."

थोरल्यानं ताट धुतलं, पालथं घातलं. "आधी लव्हाळा कापू सगळा," तो म्हणाला. "मुळाशी पाणी आहे तोवर. मग फोडू." आणि नेहमीसारखा डोहाकडं निघाला. आज थोरली बरोबर गेली. दोघं काठावर उभी राहिली. पाण्यात एक-दोन मासळ्या हलल्या.

"पुढच्या वर्षी काय करायचं?" तिनं विचारलं.

ह्याचं उत्तर त्याच्याकडं उद्या जेवतानाही नसणार, हे तिला दिसत होतं. तिनं त्याचं कोपर धरलं. परतताना अंधारून आलं म्हणून धरलं, असं म्हणता आलं असतं, पण अजून चांगला उजेड होता.

*

सकाळी दोघं विळे घेऊन पाण्यात उतरली, तर मागून वस्तीतली माणसं आली, विळे घेऊन. हात जास्त झाले तसा हिरवा लव्हाळा भराभर काठावर पडत गेला. थोरली मधूनच ओरडायची, "अरे बुडातून कापा, दाढी करताय का त्याची?" तेवढंच.

थोरला बांधावर चढला आणि धाकटा धावत आला. "दादा, नको. मी खणतोय ना! आणखी खोल खणतो."

थोरल्यानं त्याच्याकडं बघितलं. त्याच्या तळहातांना बांधलेल्या चिंध्या रक्तानं काळ्या झाल्या होत्या.

"तू चर नसता खणलास तर हे पाणी नेलं कुठून असतं?" तो म्हणाला. एवढं लांब वाक्य त्यानं कुणी विचारायच्या आधीच बोललेलं थोरलीनं पहिल्यांदाच ऐकलं. "तू त्या बाजूनं घे. मी ह्या बाजूनं."

दोन्ही भावांनी फावडी घातली. पाणी आधी लाजत आलं, बोटभर. मग कडा ढासळली आणि ते काळं होऊन चरात शिरलं. जमिनीनं ते असं पिऊन टाकलं की चर काही केल्या पुढं भरेना. वाफेचे लोट उठले. लोक मागं हटले. चराच्या अर्ध्यात पाणी रेंगाळायला लागलं तेव्हा थोरलीनं वळून डोहाकडं बघितलं: फोडलं ते फोडलं आणि पुरलंही नाही तर?

"तुडवा!" धाकटा ओरडला. "वरवरच जिरतंय, विस्तवापर्यंत जाईना. तुडवा!"

तो स्वतः चरात उतरला. मागोमाग थोरला, थोरली, मग बाकीचे. चिखल वरून गार, खालून चटका देणारा. एकमेकांच्या खांद्यांना धरून, कणीक तिंबावी तशी ती माती त्यांनी पायांनी तिंबली. कुणी पाय वर घेतला की शेजारचा ढकलायचा. डोहात उरलेलं पाणी बादल्यांनी येत राहिलं, बादल्यांतून मासळ्याही आल्या, त्या वेचून बायांनी टोपल्यांत टाकल्या. थोरलीच्या तळपायांना फोड आले. शेजारी धाकटा होता. त्याचा हात तिच्या खांद्यावर होता.

"वहिनी," तो धापा टाकत म्हणाला, "दोर आणू का? परत रुतशील."

बऱ्याच दिवसांनी त्याला थट्टा सुचली होती. थोरलीनं त्याच्या पाठीत चिखलाचा एक गोळा मारला.

घरांच्या बाजूची आग मेली. दूरच्या कोपऱ्यात धूर निघत राहिला, हवा गार होईपर्यंत तो निघत राहणार होता, पण वस्तीकडं सरकायला त्याला आता वाळली माती उरली नाही. डोहाच्या जागी काळी, भेगाळलेली परात राहिली. लव्हाळ्याची मुळं जगतील की नाही, ते कुणालाच सांगता येईना. थोरल्यानं फुटलेला बांध परत लिंपायला घेतला.

"पाणी कुठाय?" थोरलीनं विचारलं.

"येईल तेव्हा बांध नको?"

ती घमेलं घेऊन त्याच्या मागं गेली.

*

कापून आणलेला लव्हाळा अंगणात वाळला. त्या डोहाचा होता म्हणून लांब होता, चांगला होता. थोरलीनं मोठी चटई लावली, दोन बायांनी दोन्हीकडून विणायची असते तशी. म्हशींची धूळ इतक्यात नको, असं डॉक्टरीणबाईनं सांगितल्यामुळं धाकटी मोकळीच होती. ती समोर येऊन बसली.

"मला शिकवा."

"आजवर हाताला काडी लावली नाहीस, आता शिकतेस?"

"आजवर तुम्ही शिकवलं नाहीत."

थोरलीनं शिकवलं. एक काडी वर, एक खाली, कडेला दुमड. धाकटी दोन वर घ्यायची, एक विसरायची. तिची बाजू वाकडी जायला लागली.

"हे काय विणलंस? वाट आहे का ही वस्तीची?"

"तुमचीच बाजू जास्त सरळ आहे," धाकटी म्हणाली. तिचे डोळे जड होत होते. धुराच्या दिवसांत ती धड आडवी होऊ शकली नव्हती, बसल्या बसल्या डुलकी काढायची तेवढीच. "जरा पाठ टेकते," म्हणून ती अर्ध्या विणलेल्या चटईवर कलंडली आणि बघता बघता झोपली.

थोरलीनं तिच्या बाजूचं उसवलं, नीट केलं. मग स्वतःच्या बाजूनं विणत विणत धाकटीच्या खांद्यापाशी आली. पुढं जायचं तर तिला उठवायला हवं होतं. थोरलीनं वाकून कान दिला. श्वास येत होता आणि जात होता, मधे कुठं अडत नव्हता.

तेवढ्यात लंगडत्या म्हशीला घेऊन धाकटा अंगणात आला. काहीतरी सांगायला त्यानं तोंड उघडलं. थोरलीनं ओठांवर बोट ठेवलं. तो जागीच थांबला, दावं आखडून धरून, आणि म्हैस त्याच्या मागं थांबली.

थोरलीनं उरलेल्या काड्या मांडीवर घेतल्या. तांब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन त्यांच्यावर शिंपडलं, त्या कडक होऊन मोडू नयेत म्हणून, आणि ती बसून राहिली.